पाळीचा अभंग

गायनाच्या तयारीविषयी आपल्याकडे जे लिहिले व बोलले गेले आहे, ते बहुतांशी मैफलीच्या गवयाला डोळ्यांसमोर ठेवूनच. रियाज, तालीम, गंडाबंधन, बंदिशींचा संग्रह हा सारा खटाटोप एका कंठाचे सामर्थ्य वाढविण्यासाठी असतो, आणि त्याचे यथायोग्य कौतुकही झालेले आहे. परंतु पन्हाळ्याच्या आसपासच्या गावांतून व वाड्यांतून एकादशीच्या रात्री देवळात जे भजन बसते, ज्यात निव्वळ श्रोता म्हणून वेगळा असा कोणी उरतच नाही, आणि ज्यात आपली पाळी आली म्हणजे प्रत्येकाने एक अभंग धरावा व बाकीच्यांनी तो उचलावा अशी पूर्वापार वहिवाट आहे, त्या भजनासाठी अभंग कसा तयार करावा याचा विचार मात्र कोणी फारसा केलेला आढळत नाही. तो करण्याजोगा आहे. मैफलीसाठी गाणे तयार करणे आणि दहा माणसांत मिळून म्हणण्यासाठी गाणे तयार करणे ही दोन निरनिराळी शास्त्रे आहेत, आणि दुसऱ्या शास्त्राला पहिल्याची प्राथमिक पायरी समजण्यात आपण त्याच्यावर अन्याय करीत आलो आहोत, असे मला वाटते.

हा प्रश्न केवळ आपल्याच मुलखातला नव्हे. अमेरिकेतील केंटकी प्रांताच्या बिल मन्रो नावाच्या गायकाने 1939 मध्ये आपला 'ब्लू ग्रास बॉइज' हा ताफा घेऊन नॅशव्हिलच्या नभोवाणीवर प्रवेश केला, 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनी बँजो छेडणारा तरुण त्याला येऊन मिळाला, आणि त्या ताफ्याच्या नावावरूनच पुढे 'ब्लूग्रास' हा गायनप्रकार ओळखला जाऊ लागला. (आपल्याकडच्या वरातीत वाजणारा बेंजो आणि हा बँजो यांचे कूळ एक नव्हे, तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यावरून घडला, आणि आपला जपानकडून आला.) मन्रोचे गाणे व्यासपीठावरचे होते, आणि त्याची द्रुत लय पेलणे हे कसबी वादकांचेच काम होते, पण लोकांनी ते घराघरांत नेले. आज तिकडे फिडल, मँडोलिन, गिटार व बँजो घेऊन शेजारीपाजारी वर्तुळात बसतात. ज्याची पाळी येते तो गाण्याचे नाव व स्वर सांगतो. कडव्यांच्या मध्ये एकेक वाद्य क्रमाने पुढे येते. आणि शेवट जवळ आला की गाणारा पाय उचलून खूण करतो. पुढ्यात कागद नसतो, म्हणून निवडलेले गाणे असे असावे लागते की ते पूर्वी न ऐकलेल्यालाही दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याची वाट सापडावी. हा सारा दस्तूर मी प्रथम वाचला तेव्हा तो मला मुळीच परका वाटला नाही. सातासमुद्रांपलीकडे वेगळ्या धर्माच्या व वेगळ्या स्वररचनेच्या लोकांना जर तेच नियम स्वतंत्रपणे सुचले असतील, तर ते नियम समूहगायनाच्या स्वभावातच असले पाहिजेत, आणि म्हणून ते तपासून पाहण्यात अर्थ आहे.

पहिला प्रश्न निवडीचा. येथे पन्हाळगडाचाच एक दाखला हाताशी आहे. मयूरपंत, म्हणजे मोरोपंत पराडकर, यांचा जन्म 1729 मध्ये पन्हाळ्यास झाला. येथेच केशव व गणेश या पाध्ये बंधूंपाशी त्यांचे काव्यशास्त्राचे अध्ययन झाले आणि पुढे बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांनी आपली अफाट काव्यरचना सिद्ध केली. त्यांची आर्या मात्रांच्या हिशेबाने बांधलेली आहे. तिच्यात यमके, श्लेष व दीर्घ समास इतक्या दाटीने बसविलेले असतात की ती ऐकताना बुद्धीला सतत जागे राहावे लागते. हरिदासांनी ती कीर्तनात आणली आणि गाजविली, कारण कीर्तनात एक जण उभा राहून म्हणतो आणि अर्थ उलगडून सांगतो, व बाकीचे ऐकतात. परंतु त्याच पंतांच्या जन्मगावी भजनाच्या पाळीत कोणी आर्या धरली, तर टाळ तत्क्षणी अडखळतील. यात पंतांच्या प्रतिभेला कमीपणा नाही. ती रचनाच एका कंठासाठी आहे. अभंगाचे तसे नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चार चरण, आणि त्यांतील दुसऱ्या व तिसऱ्याचे यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. बस्स, इतकेच बंधन. ऱ्हस्वदीर्घाची सक्ती नाही, म्हणून अक्षर ओढून धरण्याची वा आखडून घेण्याची मुभा गाणाऱ्याला राहते. या मोकळेपणाचा व्यावहारिक परिणाम फार मोठा आहे. एका छंदाची एक चाल ज्याच्या गळ्यात बसली, त्याला त्या छंदातील सर्व संतांचे सर्व अभंग म्हणण्याचा जणू परवानाच मिळाला. तुकोबांच्या गाथेतले साडेचार हजारांच्या घरातील अभंग, शिवाय नामदेव, एकनाथ, चोखामेळा व जनाबाई यांचे अभंग, हे सारे भांडार मूठभर चालींच्या किल्ल्यांनी उघडते. म्हणून पाळीसाठी अभंग निवडणाऱ्याने शब्द नवे घेतले तर चाल जुनी ठेवावी, आणि चाल नवी आणली तर शब्द असे घ्यावेत की जे मंडळींच्या तोंडी आधीच आहेत. दोन्ही एकदम नवे आणणारा गायक कितीही सुस्वर असला तरी त्या रात्रीपुरता तो एकटाच गातो.

गाथेच्या छापील प्रतींत बहुधा दुसऱ्या कडव्याशेवटी 'ध्रु.' अशी खूण असते, आणि वाचणारा तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जातो. माझ्या मते समूहगायनाची सगळी व्यवस्था त्या एका खुणेत सामावलेली आहे. ते स्थान सर्वांच्या हक्काचे आहे. तेथे अभंग धरणाऱ्याने मागे सरावयाचे असते. घरी तयारी करताना माणूस स्वभावतः कडव्यांवर मेहनत घेतो, कारण कडवी त्याच्या एकट्याची असतात. वास्तविक घरी सर्वांत जास्त वेळा म्हणून पाहावे ते ध्रुपद, आणि तेही एकाच रीतीने, जराही न बदलता. ते दर खेपेला नव्या हरकतीने सजविले गेले, तर उचलणाऱ्याला नेमके काय उचलावे हे कळत नाही, आणि मग तो चाचरत, आवाज दाबून गुणगुणत राहतो. ध्रुपद हाती देण्यापूर्वीच्या शेवटच्या अक्षरावर किती थांबावे, मृदंग्याला तिहाई घेण्यास जागा कोठे ठेवावी, कडवे संपवून वर चढताना कोणत्या स्वरावर रेंगाळले म्हणजे समोरची ओळ सावध होते, या गोष्टी पाळीच्या तयारीत तानेच्या सफाईपेक्षा अधिक मोलाच्या आहेत. पोवाड्यातही हेच दिसते. बाजीप्रभूंचा पोवाडा पन्हाळ्यावर म्हणणारा शाहीर आपल्या ओळीचा शेवट जाणूनबुजून मोकळा सोडतो, आणि झीलकरी 'जी जी' करीत त्यात शिरतात. शाहिराने ती जागा स्वतःच भरून टाकली, तर मागे उभ्या असलेल्या माणसांना कामच उरत नाही.

आता पट्टीविषयी, कारण भजनाचा रसभंग सर्वाधिक वेळा येथे होतो आणि त्याची तजवीज सर्वांत कमी वेळा केली जाते. घरी एकट्याने म्हणताना गळ्याला जी पट्टी सोयीची वाटते, ती देवळात दहा जणांना सोयीची असेलच असे नाही. पुरुषांची भजने साधारणतः काळी एक वा काळी दोनमध्ये चालतात. बायकांच्या भजनी मंडळांना काळी चारच्या आसपास बरे पडते. दोघे एकत्र बसले म्हणजे बहुतेक ठिकाणी मधली कोणती तरी पट्टी धरतात, आणि परिणामी कोणाचाच आवाज लागत नाही. गिटारवाल्याला हा पेच नसतो. तो दांडीवर एक चिमटा सरकवितो आणि बोटांच्या जागा न बदलता स्वर वर नेतो. पेटीवाला अनुभवी असेल तर तोही पट्टी बदलू शकतो. परंतु मृदंग त्याला तयार नसतो: उजव्या पुडीचा स्वर चढविण्यासाठी गठ्ठे ठोकावे लागतात, डाव्या पुडीवरची कणीक पुन्हा जमवावी लागते, आणि तोवर मंडळी जांभया देऊ लागतात. यावर आपल्या जुन्याजाणत्या भजनीबुवांपाशी एक सुंदर तोड आहे. पुरुषांचा षड्ज काळी दोन ठेवावा, आणि बाईंची पाळी आली की त्यांनी मध्यमाला षड्ज मानून अभंग धरावा. काळी दोनचा मध्यम म्हणजे काळी चार. म्हणजे बायकांना त्यांची पट्टी मिळते, आणि काळी दोनला लावलेला मृदंग त्या नव्या षड्जाचा पंचम होऊन वाजत राहतो, त्याला हात लावावा लागत नाही. ही युक्ती ज्याला ठाऊक आहे त्याने ती स्वतःपाशी ठेवू नये. प्रत्येक मंडळाने आपल्या वहीत अभंगाच्या समासात धरणाराचे नाव व पट्टी लिहून ठेवण्याचा रिवाज पाडला, आणि एकाच पट्टीच्या पाळ्या शक्यतो लागोपाठ लावल्या, तर कितीतरी रात्री सुरळीत पार पडतील.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. हा पूर्वीच्या कोल्हापूर संस्थानाचा मुलूख आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेबांनी आपली पेचदार, श्वास रोखून ऐकावी अशी गायकी येथेच फुलविली, आणि 1922 मध्ये महाराज निवर्तल्यानंतर मुंबईस जाईपर्यंत तिचे वास्तव्य याच मातीत होते. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यापर्यंत ती परंपरा पोहोचली. अशा भूमीत राहून सोप्या चालींची, न बदलणाऱ्या ध्रुपदांची व आखूड हरकतींची भलावण करणे म्हणजे कलेला खाली ओढणे नव्हे काय? मी या आक्षेपाचा पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे मत असे झाले आहे की जेथे सहभागाला वाव नाही तेथे कौशल्याने जितके उंच जाता येईल तितके जावे, आणि जेथे सहभाग हाच हेतू आहे तेथे कौशल्याने स्वतःला त्या हेतूच्या तैनातीत द्यावे. खाँसाहेबांच्या गाण्यात श्रोत्याने मध्येच सूर मिसळला असता तर तो अपराध ठरला असता. भजनात सूर न मिसळणे हाच अपराध. ज्याला भरपूर येते त्याने पाळीत थोडेच गाणे, याला संयम लागतो, आणि तो संयम रियाजानेच येतो. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेची स्थापना विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये केली, तिथे पाठांतर, मृदंग व चाली यांचे शिक्षण वर्षानुवर्षे चालते. मिळून म्हणण्याचे गाणे अशिक्षितपणे जमते हा समज त्या परंपरेने केव्हाच खोटा ठरविला आहे.

अलीकडे तरुण मुले चित्रपटांतील चाली भजनात आणतात, म्हणून वडीलधारी मंडळी नाराज असतात. चालीच्या कुळाची चौकशी करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. 1929 मध्ये याच कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात कंपनीने पुढे पुण्यास जाऊन 1936 मध्ये 'संत तुकाराम' काढला, त्यासाठी शांताराम आठवल्यांनी बीज व वृक्ष यांच्या दृष्टांतावर एक अभंग लिहिला आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. तो इतका अस्सल उतरला की असंख्य लोक त्याला तुकोबांचाच समजून चालले. लोकांनी तो उचलला, कारण तो त्याच छंदात, त्याच श्वासाच्या अंतराने बांधलेला होता. हरकत घ्यावयाची तर ती वेगळ्या कारणासाठी घ्यावी. ज्या चालीचा अर्धा डौल दोन ओळींमधील वाद्यवृंदावर अवलंबून आहे, ती चाल टाळ-मृदंग व एका पेटीवर आणली म्हणजे मध्ये रितेपण पडते, आणि ते भरून काढण्यासाठी मुलगा तोंडाने वाद्ये वाजवू लागतो. त्याला चाल टाकून दे म्हणू नये. ती रिकामी जागा गजराने भरून दाखवावी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.

राहता राहिला नवागताचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोप लावणीच्या कामातून मोकळी होऊन श्रावणात पहिल्यांदाच टाळ हाती घेणारी माणसे दर वर्षी येतात, आणि त्यांतली पुष्कळशी दुसऱ्या एकादशीला दिसत नाहीत. त्यांना गाण्याची गोडी नसते असे नव्हे. रात्रभरात त्यांना ठाऊक असलेले काहीच कोणी धरलेले नसते. जुन्या मंडळींना रूपाचे अभंग, गौळणी, भारुडे यांचा क्रम हातावरच्या रेषांसारखा पाठ असतो, म्हणून नवख्याची अडचण त्यांच्या लक्षातच येत नाही. यासाठी माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक टाळकऱ्याने आपल्या तयारीत दोन अभंग ठेवावेत: एक स्वतःच्या आवडीचा, आणि एक असा की जो गावातल्या शाळकरी पोरालाही येतो. आपली पाळी येईपर्यंत ओळींवरून नजर फिरवावी. किती तोंडे मिटलेली आहेत ते पाहावे. आणि मग दोहोंपैकी कोणता धरावयाचा ते ठरवावे. ज्याला पहिल्यांदाच पाळी द्यावयाची आहे त्याला आठ दिवस आधी सांगावे, त्याची पट्टी मंडळाच्या पेटीवर बघून घ्यावी, त्याच्या ध्रुपदाची रुजवात मृदंग्याने त्याच्यासमवेत बसून करावी, आणि त्या रात्री त्याच्या दोन्ही बाजूंना खणखणीत आवाजाची माणसे बसवावीत. ही व्यवस्था लावण्याचा जिम्मा विणेकऱ्याने घ्यावा, आणि येत्या कार्तिकीच्या आधीच घ्यावा.