रेडकाचा वांटा
(आधारवचन : निर्गम २२ : ३०)

इस्राएल लोकांच्या कळपांतील प्रथमवत्स परमेश्वराचा होता. तथापि त्यानें तो जन्मतांच मागितला नाहीं. सात दिवस पिलानें आईजवळ राहावें, आठव्या दिवशीं तें अर्पावें, अशी त्याची आज्ञा झाली. धन्यानें आपला हक्क मागें ठेविला व मुक्या पिलाचा हक्क पुढें केला.

आतां आपल्या गोठ्याकडे पाहूं. आपला सोलापूर जिल्हा पंढरपुरी म्हशीचें माहेर आहे. तरवारीसारख्या लांब शिंगांची, कोरड्या हवेंत तग धरणारी ही म्हैस कित्येक गरीब घरांचा आधार आहे. ती व्याली म्हणजे पहिला चीक कोणाकडे जातो? खरवसासाठीं भांडीं पुढें येतात, आणि रेडकूं दाव्यास ओढ घेत उभें राहतें.

वास्तविक रोगाशीं झुंजण्याची शक्ति रेडकास आईच्या उदरांत मिळत नाहीं. ती चिकांतून मिळते, आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आंतड्यांची ताकद सुमारें २४ तासांत संपते. म्हणून जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आंत त्यास चीक पाजावा, व पहिल्या दिवशीं वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका द्यावा. २५ किलोच्या रेडकास अडीच किलो. उरेल त्याचा खरवस खुशाल करावा.

कोणी म्हणेल, डेअरीच्या पैशावर चूल पेटते, मग रेडकास कोठून द्यावें? पण चीक तापवितांच फुटतो. डेअरीस तो चालत नाहीं. देवानें पिलासाठीं राखलेल्या त्या पहिल्या दिवसांत आपलें फारसें कांहींच जात नाहीं!

“नर आहे, काय कामाचा?” असें म्हणून कित्येक जण रेडकूं उपाशी मारितात. मग म्हैस पान्हा चोरते, आणि मालक ऑक्सिटोसिनची सुई शोधूं लागतो. दूध वाढविण्यासाठीं जनावरास अपायकारक सुई टोंचणें हा प्राण्यांस निर्दयपणें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या १२ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. त्यास दंड वा कैद, अथवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. एका निर्दयपणाच्या पाठीं दुसरा येतो तो असा.

उपदेशक बंधूंनो, घरोघरीं प्रार्थनेस जातां तेव्हां गोठ्याकडेही दृष्टि टाका. निनवे शहरावर दया करितांना देवानें तेथील गुरांचीही आठवण ठेविली. त्याचीं लेंकरें म्हणविणाऱ्यांच्या दारीं रेडकूं उपाशी राहूं नये.