अस्सल सूर कुणाचा?

१९५४ च्या जुलैमध्ये मेम्फिस शहरातल्या सन रेकॉर्ड्स या छोट्याशा कंपनीने ट्रक चालवणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या पोराची पहिली तबकडी बाजारात आणली. पोराचं नाव एल्विस प्रेस्ली. तबकडीच्या एका बाजूला होतं आर्थर क्रूडप या काळ्या ब्लूज गायकाचं 'दॅट्स ऑल राइट' आणि दुसऱ्या बाजूला ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे गोरे मँडोलिनवादक बिल मन्रो यांचं 'ब्लू मून ऑफ केंटकी'. रॉक अँड रोलचा इतिहास सांगणारे बहुतेकजण इथूनच पुढे निघतात. या तबकडीवरून मागेही जाता येतं. ही दोन्ही गाणी त्यांच्या मूळ गायकांनी १९४६ च्या सप्टेंबरमध्ये, एकाच शिकागो शहरात ध्वनिमुद्रित केली होती. तरी कंपन्यांच्या लेखी त्यांची गिऱ्हाइकं वेगळी होती: एक गाणं काळ्या वस्त्यांसाठी, दुसरं गोऱ्यांच्या खेड्यापाड्यांसाठी.

ब्लूज काळ्यांचं आणि ब्लूग्रास गोऱ्यांचं, ही वाटणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती जणू पहिल्यापासूनच होती असं वाटतं. तिचं वय जेमतेम शंभर वर्षं आहे. रेकॉर्ड कंपन्यांनी ती विक्रीच्या सोयीसाठी केली. पुढे 'अस्सल' लोकसंगीताच्या शोधात निघालेल्या संग्राहकांनी आणि चाहत्यांनी तिला तत्त्वाचं वजन दिलं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काही वादकांनी ती उलगडून पाहायला घेतली आहे.

ब्लूग्रास म्हटलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा बँजो येतो. (गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा, बटणं दाबून वाजवायचा बेंजो वेगळा.) या वाद्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून, त्याला लाकडी दांडी जोडून ते नव्या भूमीत पुन्हा घडवलं. सेनेगल आणि गांबिया भागातले जोला लोक आजही 'अकोंटिंग' नावाचं असं एक वाद्य वाजवतात. त्यात अंगठ्यासाठी एक आखूड तार असते आणि बोटाचं नख वरून खाली तारेवर आपटून वादन चालतं. अमेरिकन बँजोची आखूड पाचवी तार आणि डोंगराळ मुलखातली जुनी वादनपद्धती पाहिली की नातं लपत नाही. दुसरीकडे युरोपातून आलेलं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, मळ्यांवरचे काळे वादक मालकांच्या नाचगाण्यात सर्रास वाजवत. १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' नावाचा चार गोऱ्यांचा संच तोंडाला काळं फासून, बँजो आणि फिडल घेऊन काळ्यांची टिंगल करणारे खेळ करू लागला. हे खेळ तुफान चालले. बँजो गोऱ्यांच्या घरात पोहोचला आणि काळ्यांच्या पुढच्या पिढ्यांना मात्र त्याच्याशी जोडलेली अवहेलना नकोशी होत गेली.

ब्लूजचा जन्म मिसिसिपी नदीकाठच्या कापसाच्या मुलखात, गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या पिढ्यांत झाला. डब्ल्यू. सी. हँडी हे शिकलेसवरलेले बँडमास्टर १९०३ च्या सुमारास टटविलर गावच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. तिथे फाटक्या कपड्यातला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. हँडींनी असं काही पूर्वी ऐकलं नव्हतं. सुरीमुळे सूर एका जागी न थांबता घसरत होता, गळ्यासारखा. ब्लूजची सारी जादू या घसरणीत आहे. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी रेंगाळणारी जागा पियानोच्या पट्टीवर सापडत नाही. गळ्याला आणि तारेला ती सापडते. हँडींनी हा बाज कागदावर उतरवला आणि १९१२ मध्ये त्यांचं 'मेम्फिस ब्लूज' छापून आलं.

मग आल्या तबकड्या. १९२० च्या ऑगस्टमध्ये ओकेह कंपनीने मेमी स्मिथकडून 'क्रेझी ब्लूज' गाऊन घेतलं. काळे लोक तबकड्या विकत घेतील यावर धंद्यातल्या फारशा कुणाचा विश्वास नव्हता. ही तबकडी धडाक्यात खपली आणि 'रेस रेकॉर्ड्स' नावाची वेगळी मालिका सुरू झाली. त्याच कंपनीच्या राल्फ पीअर यांनी १९२३ मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सन यांना ध्वनिमुद्रित केलं. त्यातून गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी दुसरी मालिका उभी राहिली. तिला पुढे 'हिलबिली' हे नाव चिकटलं. १९२७ च्या उन्हाळ्यात याच पीअर यांनी, आता व्हिक्टर कंपनीसाठी, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांना पहिल्यांदा मायक्रोफोनपुढे आणलं.

दोन कॅटलॉग झाले तसं प्रत्येक वादकाला एका खान्यात बसणं भाग पडलं. फिडल आणि बँजो वाजवणारे काळे संच गावोगाव होते, पण काळ्यांकडून कंपन्यांना ब्लूज हवं होतं. या संचांच्या वाट्याला ध्वनिमुद्रण फारच कमी आलं. उलट्या दिशेनेही गंमत झाली. ॲलन ब्रदर्स या टेनेसीतल्या गोऱ्या भावांनी १९२७ मध्ये ब्लूज ढंगाची गाणी इतकी हुबेहूब गायली की कोलंबिया कंपनीने ती 'रेस' मालिकेत काढली. भाऊ संतापले, कंपनीवर दाव्यापर्यंत मजल गेली आणि शेवटी त्यांनी कंपनीच बदलली. गाणं ऐकून रंग ओळखता येत नाही, हे खुद्द धंद्यातल्या जाणकारांनीच नकळत सिद्ध करून ठेवलं.

गोऱ्या लोकसंगीताचा पाया समजल्या जाणाऱ्या कार्टर कुटुंबाच्या भांडारात कितीतरी गाणी लेझ्ली रिडल या काळ्या गिटारवादकामुळे आली. एका अपघातात रिडलचा पाय गेला होता. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरातून हिंडत तेव्हा ते रिडलला सोबत नेत. कार्टर शब्द टिपून घेत, चाल रिडल डोक्यात साठवत.

बिल मन्रो यांची गोष्ट याहून बोलकी. १९११ मध्ये केंटकीतल्या रोझीन गावी जन्मलेले मन्रो पोरवयात पोरके झाले आणि फिडल वाजवणाऱ्या पेन मामांकडे राहिले. त्यांचे दुसरे गुरू अर्नल्ड शुल्ट्झ. हा काळा कोळसाखाणकामगार गिटारही वाजवी आणि फिडलही. गावच्या नाचांना मन्रो त्याच्या साथीला बसत. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. पण आपल्या संगीतात ब्लूज कुठून आलं हे मन्रो उघडपणे सांगत. १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात ते पहिल्यांदा उभे राहिले आणि त्यांनी उचललं ते जिमी रॉजर्सचं 'म्यूल स्किनर ब्लूज', रॉजर्सपेक्षा बऱ्याच जलद लयीत. १९४५ च्या डिसेंबरमध्ये अर्ल स्क्रग्ज त्यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' संचात आला. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवर नख्या चढवून त्याने बँजोतून सुरांची अशी काही झड लावली की या बाजाला त्याचं आजचं रूप मिळालं. ब्लूग्रास हे नाव पुढे मन्रोंच्या संचावरूनच पडलं.

म्हणजे ज्याला शेकडो वर्षांचं डोंगरी संगीत समजतात ते रेडिओच्या जमान्यात, धंदेवाईक वादकांनी घडवलं.

ही गोष्ट संग्राहकांच्या पचनी पडणं अवघड होतं. त्यांना बाजाराने न विटाळलेलं काहीतरी हवं होतं. जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन १९३३ मध्ये दक्षिणेतल्या तुरुंगांत यंत्र घेऊन फिरले ते याच हिशेबाने: जगापासून तुटलेल्या कैद्यांकडे जुनी गाणी शुद्ध उरली असतील. लेड बेली हा गायक त्यांना लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात भेटला. १९३८ मध्ये जॉन हॅमंड यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये काळ्यांच्या संगीताचा मोठा जलसा भरवला. मिसिसिपीचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याला बोलवायचं होतं, पण तो चारच महिन्यांपूर्वी वारला होता. त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी आला. शिकागोत वर्षानुवर्षं तबकड्या काढणारा हा कसलेला कलावंत इथे आर्कान्सातला शेतकरी म्हणून पेश करण्यात आला.

यातली विसंगती सर्वांत उघडी पडली ती इंग्लंडमध्ये. १९५८ मध्ये ब्लूज गायक मडी वॉटर्स इलेक्ट्रिक गिटार घेऊन तिथे गेला. ज्यांना मळ्यावरचा गायक अपेक्षित होता त्यांच्या कानांना तो गोंगाट सोसवेना. पाच वर्षांनी मडी शहाणपणाने साधी गिटार घेऊन परतला, तर तोवर तिथल्या तरुणांना विजेचाच नाद लागला होता. त्याच्याच एका गाण्यावरून नाव घेतलेले रोलिंग स्टोन्स तेव्हा नुकते वाजवू लागले होते.

१९६१ मध्ये कोलंबियाने रॉबर्ट जॉन्सनची जुनी ध्वनिमुद्रणं लाँगप्लेवर काढली आणि गोरी कॉलेजकुमार मंडळी हरवलेल्या गायकांचा माग काढायला गाड्या घेऊन दक्षिणेत उतरली. मिसिसिपी जॉन हर्ट त्याच्या एका जुन्या गाण्यातल्या गावाच्या उल्लेखावरून सापडला. १९६४ च्या जूनमध्ये स्किप जेम्स मिसिसिपीतल्या इस्पितळात भेटला आणि सन हाउस थेट उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. हाउसने बरीच वर्षं गिटारला हात लावला नव्हता. हात थरथरत होते, गाणी विसरली होती. मग ॲलन विल्सन नावाचा विशीतला गोरा पोरगा त्याच्यासमोर बसला. हाउसची १९३० सालची ध्वनिमुद्रणं त्याने घोटून घोटून आत्मसात केली होती. बोटं कुठे जात, तार कशी ओढली जाई, हे तो हाउसला दाखवू लागला. साठी ओलांडलेला उस्ताद आपलंच वादन शागिर्दाकडून शिकला आणि न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवाच्या मंचावर दाखल झाला. प्रेक्षकांनी ऐकला तो अस्सल मिसिसिपीचा सूर. तो हाउसकडे परत आला होता विल्सनच्या बोटांतून.

ब्लूग्रासचं पुनरुज्जीवनही याच सुमाराचं. ॲलन लोमॅक्स यांनी १९५९ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात त्याची तारीफ केली, राल्फ रिंझलर यांनी मन्रोंना शहरी श्रोत्यांपुढे आणलं आणि १९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसल इथे पहिला अनेक दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरला. पण आता रस्ते फुटले होते. ब्लूजच्या महोत्सवाला जाणारा श्रोता ब्लूग्रासच्या तंबूत फिरकत नव्हता, आणि शुल्ट्झचं नाव मन्रोंच्या आठवणींपुरतं उरलं होतं.

२००० साली कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' हा चित्रपट आला. कथा १९३७ च्या मिसिसिपीतली, संगीत टी बोन बर्नेट यांचं. त्याच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि अमेरिकेत तिचा खप ऐंशी लाखांपर्यंत गेला. मजा अशी की १९३७ मध्ये ब्लूग्रास अजून जन्माला यायचं होतं. तरी चित्रपटाने एक जुनं चित्र पडद्यावर आणलं: काळा ब्लूज गिटारवादक आणि तीन गोरे फरारी कैदी, एकाच मायक्रोफोनसमोर.

खरा बदल पडद्याबाहेर झाला. २००५ च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बून इथे काळ्या बँजोवादकांचं संमेलन भरलं. ऑपेराचं शिक्षण घेतलेली ऱ्हियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे तिथे एकत्र आले. त्याच राज्यातल्या मेबन गावात जो थॉम्पसन हा ऐंशी ओलांडलेला काळा फिडलवादक राहत होता. कंपन्यांनी वगळलेल्या परंपरेचा तो जिवंत वारस. तिघे त्याच्या घरी जाऊन शिकू लागले. त्यांच्या 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' या संचाला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. २०१७ मध्ये ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे भाषण करताना गिडन्सने प्रश्नाची दिशा फिरवली: या संगीतात वैविध्य कसं आणायचं असं काय विचारता, ते परत कसं आणायचं ते विचारा. २०२० मध्ये त्या संघटनेच्या प्रतिष्ठानाने काळ्या वादकांसाठी निधी सुरू केला, अर्नल्ड शुल्ट्झच्या नावाने.

ब्लूजचं आजचं चित्र थोडं वेगळं. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावात ब्लूजचं संग्रहालय आहे, क्लब आहेत, बाहेरून येणाऱ्या पर्यटकांची वर्दळ आहे. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूज महोत्सव भरू लागला आणि बडी गायसारखे दिग्गज तिथे वाजवून गेले. श्रोते सातासमुद्रापार पसरले, पण काळ्या तरुणांनी कधीच सोल आणि हिपहॉपची वाट धरली होती. म्हणून क्लार्क्सडेलमध्येच १९९९ साली जन्मलेल्या क्रिस्टोन 'किंगफिश' इनग्रमने २०२२ मध्ये ग्रॅमी पटकावलं तेव्हा त्याचं अप्रूप मोठं होतं. ब्लूग्रासकडे बिली स्ट्रिंग्ज आहे. मिशिगनमध्ये वाढलेला हा गिटारवादक लहानपणी ब्लूग्रास शिकला, पोरवयात मेटल बँडमध्ये रमला आणि आता बास्केटबॉलची मैदानं भरवतो.

२०२४ मध्ये बियॉन्सेच्या 'टेक्सस होल्डेम' या गाण्यात गिडन्सचा बँजो वाजला. ज्या अल्बममध्ये ते गाणं आहे त्याला पुढच्या वर्षी सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. (कंट्री म्हणजे जुन्या 'हिलबिली'चंच पुढचं नाव.) हे खरं कंट्री आहे का, यावर गाणं आल्यापासूनच चर्चा झडत होत्या. या पुरस्कारानंतर काही महिन्यांतच ग्रॅमीच्या अकादमीने कंट्री अल्बमचे दोन विभाग केले, समकालीन आणि पारंपरिक. असा प्रस्ताव आधीही अनेकदा आला होता, असं अकादमीच्या प्रमुखांनी सांगितलं. पारंपरिक विभागासाठी कोणती वाद्यं शोभतात याची यादी नियमांत दिली आहे. तिच्यात स्टील गिटार आणि फिडल यांच्या जोडीला बँजोही आहे.