नेम टिकतो कशाने?

देवदर्शनास आलेला भाविक गाभाऱ्यासमोर हात जोडून उभा राहतो आणि मनोमन संकल्प करतो, ‘आजपासून तंबाखू वर्ज्य.’ त्या क्षणी तो संकल्प अगदी खरा असतो. परंतु गावी परतल्यावर जेवण झाले की हात सवयीने खिशाकडे जातो, पारावरचा सोबती मळलेल्या तंबाखूची चिमूट पुढे करतो आणि नेम मोडतो. मग तो मनुष्य स्वतःस दुबळा, पापी ठरवून प्रयत्नच सोडून देतो. खरी हानी येथे होते.

मन वाऱ्याप्रमाणे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार अर्जुनानेही केली होती. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी ती नाकारली नाही. मन चंचल आहे हे मान्य करूनच त्यांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा केलेला प्रयत्न. एका दिवसाच्या आवेशास कोणी अभ्यास म्हणत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असेच आढळले. रोज ठरावीक वेळी केलेली नवी चांगली कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास त्याहून कितीतरी अधिक लागले. मध्ये एखादा दिवस चुकल्याने घडी विस्कटली नाही.

वारकरी संप्रदायाने हे मर्म केव्हाच ओळखले आहे. गळ्यातील तुळशीची माळ नेमाची आठवण देते, एकादशी दिवस ठरवून देते आणि दिंडी सोबत देते. एकट्याच्या निश्चयावर सारा भार पडत नाही.

म्हणून व्यसन सोडू इच्छिणाऱ्या भाविकाने संकल्प घरच्यांस सांगावा. घरातील पुडी, डबी दूर करावी. जेवणानंतरच्या त्याच वेळी तोंडात बडीशेप आणि ओठी नाम असावे. पारावर काही दिवस जाऊ नये. तलफ फारच अनावर झाल्यास डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवाही त्यासाठीच आहे. औषध घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही.

आणि पाऊल घसरलेच, तर पुढील यात्रेची वाट पाहू नये. त्याच सायंकाळी देवापुढे दिवा लावून नेम पुन्हा धरावा. देवाच्या दारी पुन्हा येणाऱ्यास मज्जाव नाही.