सार्वजनिक कैरी

जर्मनीत आंडरनाख नावाचं एक गाव आहे. तिथल्या नगरपालिकेनं २०१० साली जुन्या तटबंदीलगत टोमॅटोच्या १०१ जाती लावल्या आणि लोकांना सांगितलं, तोडा, खुशाल घरी न्या! ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी वाचत साक्षर झालेल्या माझ्यासारख्या पुणेकराला ही बातमी पचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी सोसायटीत भाषणच ठोकलं. आपल्या सायकल-ट्रॅकच्या कडेलाही जांभूळ, शेवगा, आंबा लावा. सायकलवाल्यानं पाय टेकावा, चार जांभळं तोंडात टाकावीत, पुढं जावं.

“आणि मागच्यानं त्याच जांभळांवरून घसरावं,” शेजारचे नाना म्हणाले.

त्याचं काही नाही, जांभूळ चार हात लांब लावता येईल. पण त्यांचा दुसरा प्रश्न डोक्यात राहिला : “सार्वजनिक आंबा पिकलेला तुम्ही कधी पाहिलाय?”

नाही पाहिला. आमच्या ट्रॅकवर आंब्याचं एक झाड आहे. कुणी लावलं ठाऊक नाही. बहुधा कुणीतरी कोय फेकली असावी. दरवर्षी त्याला कैऱ्या धरतात आणि एप्रिलात नाहीशा होतात. दुष्टपणानं नव्हे हो! पिकेल तेव्हा आपल्या वाट्याला येईल याची कुणालाच खात्री नसते. म्हणून जो तो हिरवी असतानाच तोडतो. आंबट तर आंबट, पण आपली! शिवाय पहाटे पिशवी नि आकडी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंद देवासाठी खुडणारी सज्जन मंडळी आम्ही; आम्हाला मालक असलेलं झाड आवरत नाही, बिनमालकाचं काय आवरणार?

यंदा मी ठरवलं, आपण हात लावायचा नाही. खालच्या फांदीवर तीन कैऱ्या होत्या. रोज सकाळी सायकल थांबवून मोजायचो, विश्वस्ताच्या चेहऱ्यानं. आठव्या दिवशी बघतो तर झाडाखाली नाना, मान वर करून उभे! मला बघून हसले आणि निघून गेले. ते हसणं मला काही बरं वाटलं नाही.

संध्याकाळी तिन्ही कैऱ्या माझ्या पिशवीत होत्या.

“कुणाच्या झाडाच्या?” बायकोनं विचारलं.

“सगळ्यांच्या.”

ती काही बोलली नाही. मेथांबा केला, वाटीत काढला, वर ताटली झाकली. “अहो, एवढं नानांकडे देऊन या.”

नानांनी ताटली उचलून वास घेतला. “वा! तीन होत्या, नाही का?” ते म्हणाले. “मीही रोज मोजत होतो.”