द्वारसंन्यास

गीतेने देहाला नऊ द्वारांचे नगर म्हटले आणि त्या नगरात काही न करता व काही न करविता सुखाने राहणाऱ्या पुरुषाचे वर्णन केले. परंतु ती द्वारे बुजवून टाकावीत असे तिने तेथे सांगितलेले नाही. उलट, कर्मेंद्रियांना बाहेरून आवरून मनाने विषयांचेच चिंतन करीत बसणाऱ्याला तिने मिथ्याचारी ठरविले आहे. हा जुना विवेक लॅपटॉप निवडताना उपयोगी पडावा हे ऐकून पंडितांना हसू येईल, येऊ द्यावे. ज्या मुलखात विनोबा 1895 साली पेण तालुक्यातल्या गागोद्यास जन्मले आणि पांडुरंगशास्त्री आठवले 1920 साली रोह्यास, तेथे यंत्राचा त्याग गीतेच्या कसोटीला लावून पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

त्याग म्हणण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत ही यंत्रे कृश होत गेली आणि कृशतेपायी त्यांनी आपली द्वारे एकामागून एक सोडली. ॲपलने 2016 साली मॅकबुक प्रोच्या अंगावरील जुनी रुंद यूएसबी, एचडीएमआय व कार्डाची खाच काढून टाकली आणि हेडफोनचे एक छिद्र वगळता यूएसबी-सी हीच काय ती एक जात राखली. 2021 साली एचडीएमआय आणि कार्डाची खाच परत आली, म्हणजे संन्याशाने पाच वर्षांनी पुन्हा गृहस्थाश्रम पत्करला.

दरम्यान रोह्याकडच्या एखाद्या सजातील तलाठ्याची अवस्था काय होते ते पाहावे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. ती स्वाक्षरी अंगठ्याएवढ्या डोंगलमध्ये असते, आणि डोंगलला सामान्यतः तेच जुने रुंद द्वार लागते. यंत्राला ते नसेल तर मध्ये हब जोडावा लागतो, तो कधी घरी राहतो, कधी सैल बसतो, आणि फेरफाराचा अर्ज घेऊन दारात उभा असलेला खातेदार निष्कारण तिष्ठत राहतो. यंत्राने द्वारे टाकली, पण त्यांची गरज टाकली नाही; ती तलाठ्याच्या पिशवीत जाऊन बसली. मिथ्याचाराचे याहून ठसठशीत उदाहरण मला सुचत नाही.

पेणच्या, हमरापूरच्या वा जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात श्रावणात गेले तर परीक्षा आणखी कडक होते. मालकाचा उजवा हात शाडूने माखलेला. तेव्हा झाकण डाव्या हाताच्या एका बोटाने उघडते की खालची बैठकही त्यासोबत उचलली जाते, हा पहिला प्रश्न. गिऱ्हाइकाने मूर्तीचा फोटो पेनड्राइव्हवर आणलेला असतो, हा दुसरा. तिसरा कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही: विजेचा बोर्ड डाव्या भिंतीला आणि चार्जिंगचे भोक यंत्राच्या उजव्या अंगाला असेल, तर दोरी मेजावरून आडवी जाते, त्याच मेजावर आखणी संपून डोळे उघडलेल्या मूर्ती वाळत असतात, आणि कोणाचा पाय दोरीत अडकला तर नुकसान लॅपटॉपचेच होईल असे नाही. दोन्ही अंगांना चार्जिंगची सोय देणाऱ्या कारागिराला मी मनोमन नमस्कार करतो. पंख्याची जाळी तळाशी असली की ती शाडूची धूळ ओढून घेते, हे वेगळेच.

साधनाची अशी परीक्षा आपल्याकडे नवी नाही. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, त्याच्या अटी आजही वाचण्याजोग्या आहेत: चरखा हलका व नेण्याजोगा असावा, साध्या झोपडीत चालावा, स्त्रीला त्यावर आठ तास फारसे श्रम न होता काम करता यावे, किंमत 150 रुपयांच्या वर जाऊ नये, आणि निगा राखल्यास तो 20 वर्षे टिकावा. हलकेपणा तेथेही मागितला आहे. पण वापरणाऱ्याचे श्रम आणि यंत्राची मुदत यांचा हिशेब त्याच मसुद्यात मांडला आहे. विनोबा तर याच्याही पुढे गेले: कातणाऱ्याच्या मजुरीत पोट भरते की नाही हे पाहण्यासाठी वर्ध्याजवळच्या नालवाडीस ते त्या मजुरीवर स्वतः राहिले. ज्या लॅपटॉपची स्मृती मुख्य फलकाला कायमची झाळलेली आणि बॅटरी डिंकाने चिकटवलेली असते, त्याच्या कर्त्याने दुरुस्तीचे बिल एकदा स्वतः भरून पाहावे, एवढीच माझी सूचना आहे.

प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. कोकणातल्या पावसात प्रत्येक छिद्र ही ओलाव्याला दिलेली वाट असते, आणि पंखा नसलेले, दोनच द्वारांचे यंत्र येथे अधिक टिकेल, हे म्हणणे खोटे नाही. येथे आपल्या शास्त्रकारांचा अधिकारभेद मानावा लागतो. जो निवृत्त शिक्षक ज्ञानेश्वरीवर टिपणे लिहितो आणि यंत्राला कधी काही जोडीत नाही, त्याने ते खुशाल घ्यावे. त्याच्या संन्यासाचा खर्च तोच सोसतो. तलाठ्याच्या दप्तरासाठी मात्र खरेदीच्या मसुद्यात रुंद यूएसबीची दोन द्वारे, उघडता येणारे मागचे झाकण आणि तालुक्याच्या गावी मिळणारी बॅटरी या अटी आधी लिहाव्यात, आणि जाडी किती असावी हा रकाना कोरा सोडावा.