आप्त कोणाला म्हणावं?

शब्दावर विश्वास कधी ठेवायचा, हा प्रश्न आपल्या नैयायिकांनी फार गंभीरपणे घेतला होता. न्यायसूत्रांत शब्द हे प्रमाण आहे, पण ते आप्ताच्या तोंडचं असेल तर. आप्त कोण? वात्स्यायन भाष्यात दोन अटी घालतो: त्याला विषय प्रत्यक्ष ठाऊक हवा, आणि जसं ठाऊक आहे तसंच सांगण्याची त्याची इच्छा हवी. मग तो ऋषी असो की म्लेच्छ, त्याने काही बिघडत नाही. मला यातली दुसरी अट जास्त महत्त्वाची वाटते.

मी मध्य प्रदेशातल्या धारचा मराठी माणूस. नोकरी त्याच जिल्ह्यातल्या गंधवानीत, रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. आमची भील-भिलाला पोरं शाळा संपली की गुजरातला जातात, नाहीतर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पीथमपूरच्या कारखान्यांत. तिथेच २ जानेवारी २०२५च्या पहाटे भोपाळहून युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून येऊन पोचला. घाबरण्यासारखं काही नाही, २५ वर्षांनी अशा विषाचा असर उरत नाही, असं मुख्यमंत्री मोहन यादव तज्ज्ञांच्या हवाल्याने सांगत होते. लोकांनी पाहिलं ते वेगळंच: रात्रीचा प्रवास, अडीचशे किलोमीटर रस्ता मोकळा केलेला, पुढेमागे पोलीस, आणि नखशिखान्त झाकलेले कामगार. तिथे कामाला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला फोनवर विचारलं, "सर, कुछ है ही नहीं, तो रात को क्यों लाए?"

मास्तरकीचं उत्तर माझ्यापाशी होतं. कचरा हाताळताना अंगभर कपडे घालणं हा नियमच आहे. पुरेशा तापमानाला ही रसायनं मोडतात. २०१५ साली तिथेच दहा टनांची चाचणीही झाली होती. उत्तर चुकीचं नव्हतं. त्याला ते पटलं नाही, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर होतं.

कारण तो रसायनाबद्दल विचारतच नव्हता; सांगणाऱ्याला खरं सांगायचंय का, हे विचारत होता. हाच कचरा महाराष्ट्राने नागपूरजवळ जाळू दिला नाही. २०१२मध्ये जर्मनीला न्यायचा बेतही तिथल्या लोकांच्या विरोधाने बारगळला. शिवाय आमच्या जिल्ह्याला नर्मदाकाठचा अनुभव आहे. १९७९च्या लवादाने सरदार सरोवराच्या विस्थापितांना जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ केली; प्रत्यक्षात अनेकांच्या हाती रोकड आली, वर बनावट रजिस्ट्र्या, ज्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती झा आयोग नेमावा लागला. धरणाच्या पाण्यात गेलेल्या निसरपूर-चिखलद्याचं काय झालं ते गंधवानीच्या हाटात कोणाला सांगावं लागत नाही. एवढं झाल्यावर सरकार खरं बोललं तरी ते आप्तवचन होत नाही. आणि याची झळ खऱ्या बोलण्यालाच बसते. ३ जानेवारीला पीथमपुरात या कचऱ्याच्या विरोधात दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

जून २०२५च्या अखेरीस सगळा कचरा जाळून झाला. जाळताना चुना वगैरे घालावा लागतो, म्हणून राख मूळ कचऱ्याहून जास्त निघाली. हेही आधी कोणी सांगितलं नव्हतं, असंच लोक म्हणतात. ती पुरायची कुठे, हा प्रश्न पुन्हा उच्च न्यायालयात गेला.

धारच्या अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. राखेचे नमुने कचरा जाळला त्या प्रकल्पाशेजारच्या तारपुऱ्याच्या गावकऱ्यांसमोर घ्या, दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडे पाठवा, आणि आकडे वाईट निघाले तरी राख पुरण्याआधी पंचायतीच्या भिंतीवर साध्या हिंदीत लावा.