बदलीच्या गावी शाळा निवडताना: पालकाच्या अधिकाराचा प्रश्न

घर एका शहरातून दुसऱ्या शहरात हलते, तेव्हा माध्यमिक वयाच्या मुलासाठी शाळा निवडणे हे बहुतेक कुटुंबांत व्यवहाराचे काम समजले जाते. बोर्ड कोणते, फी किती, बस दारापर्यंत येते का, दहावीचा निकाल कसा लागतो, एवढे पाहून निर्णय होतो. प्रत्यक्षात मात्र इथे एक माणूस दुसऱ्या माणसाच्या आयुष्याची दिशा ठरवत असतो. ज्याची दिशा ठरते तो तेरा-चौदा वर्षांचा असतो. धड लहानही नाही आणि कायद्याने सज्ञानही नाही. हा अधिकार पालकाला कुठून मिळतो, तो कुठवर चालतो आणि तो वापरताना इतरांच्या मुलांचे आपण काय देणे लागतो, हे नीतिशास्त्राचे जुने प्रश्न आहेत. बदलीमुळे ते अचानक निकडीचे होतात, कारण उत्तर जून उजाडण्याआधी द्यायचे असते.

पहिलीत जाणारे मूल नव्या गावात महिन्याभरात रुळते. आठवी-नववीच्या मुलाचे तसे नसते. नागपुरात सातवीपर्यंत मराठी प्रथम भाषा म्हणून शिकलेली मुलगी बंगळुरूला गेली की तिच्यापुढे कन्नड येते. उलट लखनौहून पुण्याला आलेल्या मुलाला मराठी शिकावी लागते. महाराष्ट्राने 2020 च्या कायद्याने ती सर्व शाळांत सक्तीची केली आहे. सीबीएसईच्या शाळेत विद्यार्थ्याची बोर्डाकडे नोंदणी नववीतच होते, आणि दहावीत शाळा बदलायची तर पालकांची बदली किंवा तसेच काही सबळ कारण दाखवावे लागते. त्यामुळे नववीत घेतलेला निर्णय दोन वर्षांसाठी जवळपास पक्का असतो. त्याच वेळी या वयात मैत्री खोल होते आणि देवाधर्माविषयी, जातीविषयी, स्वतःविषयी मुलाची मते बनू लागतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, जन्मतारीख, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकाने असतात. कारणाच्या रकान्यात ‘वडिलांची बदली’ असे लिहिले जाते. मुलाची इच्छा नोंदवायला त्या कागदावर जागाच नसते.

पालकाच्या अधिकाराचे सर्वांत जुने समर्थन मालकीच्या कल्पनेवर उभे आहे. ॲरिस्टॉटलच्या मते ठराविक वयापर्यंत मूल हा बापाचाच एक भाग असतो. स्वतःवर कोणी अन्याय करत नाही, म्हणून बापाकडून मुलावर खऱ्या अर्थाने अन्याय होऊच शकत नाही. आज हे कोणी उघडपणे म्हणणार नाही, पण ‘आमच्या मुलाचे आम्ही बघू’ या वाक्यात ते अजून जिवंत आहे. जॉन लॉकने 1689 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक दुसऱ्या प्रबंधात ही मांडणी मोडून काढली. त्याच्या मते पालकाचा अधिकार जन्म दिल्यामुळे येत नाही. मूल स्वतःचा विचार करू शकत नाही तोवर त्याचे संगोपन करणे हे कर्तव्य आहे, आणि अधिकार त्या कर्तव्यापुरता आहे. विवेक जसजसा वाढतो तसतसा तो ओसरतो. अधिकार कर्तव्यातून आला असेल, तर तो मुलाच्या हितासाठी वापरला जातो तेवढ्यापुरताच वैध ठरतो. पालकाची प्रतिष्ठा किंवा अपुरी राहिलेली हौस त्यात बसत नाही. लॉकची ही भूमिकाच जास्त पटणारी आहे.

याला राज्यसत्तेची बाजू जोडली की गुंता वाढतो. शिक्षण सर्वांना एकसारखे आणि सार्वजनिक असावे, असे मत ॲरिस्टॉटलनेच ‘पॉलिटिक्स’मध्ये मांडले होते. विसाव्या शतकात मुलांची मने घडवण्याचे काम नाझी राजवटीने पूर्णपणे आपल्या हाती घेतले, तेव्हा त्या विचाराचे भयंकर रूप जगाने पाहिले. तो अनुभव ताजा असतानाच 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, 26 व्या कलमात, मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यायचे हे निवडण्याचा अग्रहक्क पालकांना दिला गेला. शाळा निवडण्याचा पालकाचा हक्क सत्तेपासून मुलाचे रक्षण व्हावे म्हणून जन्मला, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

पण पालकापासून मुलाचे रक्षण कोणी करायचे? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1972 मध्ये आला. विस्कॉन्सिन राज्यात वयाच्या सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. आमिश पंथाच्या पालकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आठवीनंतर हायस्कुलात पाठवायला नकार दिला, कारण तिथल्या वातावरणात मुले पंथापासून तुटतील अशी त्यांना भीती होती. त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला आणि प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेले. न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारे पालकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळे मत नोंदवले: मुलांपैकी फक्त एका मुलीने साक्ष दिली होती, बाकीच्यांना काय हवे आहे हे कोणी विचारलेलेच नव्हते. तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी 1980 च्या निबंधात हा धागा पुढे नेला. मोठेपणी वापरायचे काही हक्क मुलाच्या नावे राखून ठेवलेले असतात, आणि आज एखादे दार कायमचे बंद करणे म्हणजे ते हक्क आधीच काढून घेणे, अशी त्यांची मांडणी आहे. नव्या शहरातल्या शाळेला ही कसोटी लावता येते. विज्ञान शाखेच्या शिकवणीसाठी आठवीपासूनच चित्रकला, खेळ आणि भाषा बंद करणारी शाळा आणि फक्त एका पंथाचे जग दाखवणारी शाळा, दोन्ही या कसोटीवर एकाच कारणाने उतरत नाहीत.

फाइनबर्ग यांची कसोटी पूर्ण मान्य करणे मात्र अवघड आहे. कोणतेही संगोपन काही दारे उघडते आणि काही बंद करते. मराठी माध्यम सोडून इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलीला नोकरीची दारे उघडतील, पण आजीने जपून ठेवलेल्या ओव्या आणि पत्रे तिला परकी होतील. दोन्हींची बेरीज-वजाबाकी एकाच मापाने होत नाही.

धर्माच्या बाबतीत हा पेच आणखी नाजूक होतो. भारतीय राज्यघटनेचे 30 वे कलम अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देते. मुंबई-पुण्यातल्या कॉन्व्हेंट शाळांत हिंदू, पारशी, मुसलमान घरांतली मुले पिढ्यान् पिढ्या शिकत आली, ती याच रचनेत. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे 28 वे कलम सांगते; विद्यार्थी अज्ञान असेल तर ही संमती पालकाची. दहावीच्या वयातल्या मुलाची स्वतःची श्रद्धा किंवा अश्रद्धा इथे कायद्याला दिसत नाही. तरी 1986 च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधल्या तीन भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून, पण न गाता, आपली श्रद्धा पाळली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. तिथे प्रश्न मुलांच्या विवेकाचाच होता.

शाळेने श्रद्धा तपासायला सुरुवात केली की काय होते, हे लंडनच्या जेएफएस या ज्यू माध्यमिक शाळेच्या खटल्यात दिसले. एका मुलाचे वडील जन्माने ज्यू होते, आईने धर्मांतर केले होते, पण ते धर्मांतर सनातनी धर्मपीठाला मान्य नव्हते. म्हणून मुलाला प्रवेश नाकारला गेला. 2009 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा वांशिक भेदभाव ठरवला. त्यानंतर शाळेला वंशाऐवजी आचरण पाहावे लागले, म्हणजे सिनेगॉगमधली हजेरी. इंग्लंडातल्या अनेक चर्चशाळांतही पाद्रीची सही असलेला पुरवणी अर्ज लागतो, आणि जागेसाठी रविवारी चर्चमध्ये बसू लागलेले पालक हा तिथला नेहमीचा विषय आहे. मुलाच्या भल्यासाठी श्रद्धेचे सोंग घेणे योग्य आहे का? नाही. त्या सोंगामुळे खरोखर श्रद्धाळू घरातल्या मुलाची जागा जाते. शिवाय नव्या शाळेचा पहिला धडा म्हणून मुलाला आईबापांचा खोटेपणा पाहायला मिळतो.

छांदोग्य उपनिषदातली सत्यकामाची कथा इथे अगदी लागू पडते. शिकायला निघालेला सत्यकाम आईला आपले गोत्र विचारतो. जबाला सांगते की तरुणपणी अनेकांच्या घरी सेवा करत असताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही; स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव. गुरू हारिद्रुमत गौतमापुढे तो हेच जसेच्या तसे सांगतो आणि गौतम त्याला प्रवेश देतो. कथेची मर्यादाही सांगितली पाहिजे: ब्राह्मणाखेरीज दुसरा कोणी असे बोलणार नाही, या तर्काने गौतम त्याला स्वीकारतो, म्हणजे दार जातीच्या चौकटीतच उघडते. जबालेचे वागणे मात्र त्या चौकटीपेक्षा मोठे आहे. मुलाला जागा मिळावी म्हणून एखादे गोत्र सांगून टाकणे तिला सहज जमले असते. आज गोत्राच्या जागी भाडेकरार आणि उत्पन्नाचा दाखला आला आहे. शाळेपासूनचे अंतर कमी दिसावे म्हणून नातेवाइकाच्या पत्त्यावर केलेला करार हा तोच मोह आहे.

शाळेसाठी घर हलवण्याची प्रसिद्ध कथा चीनमधली आहे. तत्त्वज्ञ मेन्सियसच्या विधवा आईने तीनदा बिऱ्हाड बदलले. स्मशानाजवळ राहताना मुलगा अंत्यविधीचे खेळ खेळू लागला, बाजाराजवळ फेरीवाल्यांची नक्कल करू लागला, शेवटी विद्यालयाजवळ आल्यावर शिष्टाचार शिकू लागला. आदर्श आई म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. स्मशानाजवळ मागे राहिलेल्या मुलांबद्दल कथा काहीच बोलत नाही. मेन्सियसच्या आधी मो-त्झू या विचारवंताने सर्वांवर सारखीच माया करावी असे सांगितले होते; मेन्सियसने त्याच्यावर कडक टीका केली, कारण अशा शिकवणीत बापाला बाप म्हणून स्थान उरत नाही. पण आपल्या घरच्या लहानांविषयीची माया इतरांच्या लहानांपर्यंत पोचवावी, हेही मेन्सियसचेच म्हणणे आहे. स्वतःच्या मुलाला झुकते माप देणे गैर नाही. ते माप दुसऱ्याच्या ताटातून काढून दिले जाते का, हा खरा प्रश्न आहे.

भारतात याचे उत्तर बऱ्याचदा ‘होय’ असे येते. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात समान शाळापद्धती आणि परिसरशाळेची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. शिक्षणहक्क कायद्याने (2009) विनाअनुदानित खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या, पण त्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गापुरत्या. त्याच कायद्याचे पाचवे कलम शाळा बदलण्याचा हक्क देते, मात्र त्यातून विनाअनुदानित खासगी शाळा वगळल्या आहेत. म्हणजे नाशिकच्या खासगी शाळेत या कोट्यातून शिकणाऱ्या मुलीचे वडील ती सहावीत असताना कामासाठी पिंपरीला आले, तर तिची तशी जागा तिच्याबरोबर येत नाही. आणि कायद्याची हमी चौदाव्या वर्षी, माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर, संपते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खासगी शाळांना या कोट्यातून सूट दिली होती. ती त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली.

बदली होणाऱ्या सरकारी नोकरांच्या मुलांसाठी 1963 पासून केंद्रीय विद्यालये आहेत, आणि गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या हे तिथल्या प्रवेशात मोजले जाते. स्थलांतरामुळे मुलाचे शिक्षण तुटू नये हे तत्त्व राज्याने इथे नीट मान्य केले. बीडहून दरवर्षी उसाच्या तोडणीला जाणाऱ्या जोडप्याच्या मुलाला मात्र मागे राहण्यासाठी हंगामी वसतिगृह आणि जवळ राहण्यासाठी कारखान्यावरची झोपडी एवढेच पर्याय उरतात. निवड हा शब्द त्याच्या बाबतीत वापरणेही जड जाते. हा अन्याय एकेका कुटुंबाने ‘चांगली’ शाळा नाकारून दूर होणार नाही. पण तो आपला प्रश्नच नाही असे मानण्याचा अधिकारही पालकत्वातून मिळत नाही.

मुलाच्या मताचे स्थान ठरवायला दोन आधार आहेत. सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखे वागवावे हे संस्कृत सुभाषित घराघरांत माहीत आहे. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या 1989 च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम वय न ठरवता मुलाच्या मताला त्याच्या समजेनुसार वजन द्यायला सांगते. दुसरे जास्त नेमके आहे. चौदा वर्षांच्या मुलीला फीचे गणित सांगता येते, दोन-तीन शाळा आतून दाखवता येतात, तिथल्या मुलींशी बोलू देता येते, आणि शेवटचा शब्द पालकाचा राहिला तरी नकाराचे कारण तिला कळलेच पाहिजे. ‘तुला काय कळतंय’ हे त्या वयात कारण होऊ शकत नाही.

निवड झाल्यावरही पालकाचे काम उरते. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 च्या ग्रंथात दाखवले की दर्जाबद्दल सर्वांत जागरूक असलेले पालक सार्वजनिक शाळा सोडतात, तेव्हा तिथे तक्रार करून सुधारणा घडवणारा आवाजच निघून जातो. नव्या शहरात येणाऱ्या कुटुंबाला याच्या उलट दिशेने जाण्याची संधी असते. शिक्षणहक्क कायद्याच्या 21 व्या कलमानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आठवीपर्यंतचे वर्ग असलेल्या महापालिकेच्या शाळेत मूल घातलेल्या आईला या समितीत बसून पिण्याच्या पाण्यापासून रिकाम्या शिक्षकपदापर्यंत प्रश्न विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे तिच्या मुलाबरोबर त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला मिळतात.